डाव्या पायाचा पट्टा

छत्तीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र हरवले असे म्हणता येत नाही, कारण ते अजून माझ्याकडे आहे. विसरलो असेही म्हणता येत नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात दर तासाला दाबाचे आकडे लिहायचा जो छापील तक्ता असतो, त्याच्या कोऱ्या पाठीवर ते लिहिले होते. अक्षर मोठे, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली उतरलेली.

"साहेब, रविवारच्या मॅचचा निकाल लागला तो लागला. मला दाद मागायची नाही. माझे वडील त्या दिवशी मैदानावर होते. ते मला विचारतात, पाय उचलायला काय झालं होतं? मी सांगितलं, पाय धरला होता. ते म्हणाले, मग पंचांनी शिट्टी का नाही मारली? याचं उत्तर माझ्याकडे नाही. गोलच्या मागच्या अंगाने बघणारे तुम्ही एकटेच होता. तुम्हाला दिसलं की नाही, एवढं एका ओळीत कळवा. दिसलं नसेल तर तसं लिहा, माझा राग नाही. वडिलांची तब्येत बरी नाही, म्हणून लवकर कळवा."

खाली सही होती आणि सहीखाली लिहिले होते, 'गोलकीपर'. जणू मी ओळखणार नव्हतो.

मी तेव्हा एका ग्रंथालयात नोकरीला होतो आणि रविवारी हॉकीच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहत असे. ही दोन कामे एका माणसात कशी मावली याचे माझ्या बायकोला आजही नवल वाटते. "घरातली माशी हाकलायची तर आधी तिची परवानगी घेता, आणि तिकडे बावीस जणांवर शिट्टी मारता?" असे ती म्हणायची. खरे कारण साधे होते. शाळेत मला कुणी चेंडू देत नसे. मी कडेला बसून नियमांचे पुस्तक वाचत राहिलो. पुढे पंचांची परीक्षा दिली आणि पहिला आलो. लेखी परीक्षा होती ती.

आम्हा पंचांमध्ये एक पद्धत होती. शंका असेल तर शिट्टी वाजवायची नाही. पद्धत चांगलीच होती, पण ती ज्याला शंका क्वचित येते अशा माणसासाठी होती. मला दरवाजाला कुलूप लावले की नाही हे बघायला कोपऱ्यावरून परत यावे लागे.

तो सामना खात्याखात्यांच्या स्पर्धेतला शेवटचा होता. एका बाजूला पाणीपुरवठा, दुसऱ्या बाजूला गोदी. पाणीपुरवठ्याचा गोलकीपर पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. अंगाने रुंद, बोलायला कमी. त्याचे वडीलही त्याच पंपघरातून निवृत्त झालेले, आणि त्यांनीच त्याला लहानपणी गोलमध्ये उभे केलेले. त्या दिवशी ते मैदानाच्या कडेला दुमडायच्या खुर्चीवर बसले होते, अंगात जाड कोट घालून. गोल वाचला की काही बोलत नसत. फक्त मान एकदा हलवत.

गोदीच्या संघात एक फॉरवर्ड होता, त्याला सगळे पडदा म्हणत. त्याच्याकडे चेंडू फारसा यायचा नाही आणि आलाच तर त्याला तो सांभाळता यायचा नाही. त्याचे काम एकच. गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचे. गोलकीपर डावीकडे वाकला की आपणही डावीकडे, तो उजवीकडे वाकला की आपणही उजवीकडे. कमरेने रेटायचे, बुटावर पाय द्यायचा, कानाशी काहीबाही पुटपुटायचे आणि मग मोठ्याने "सॉरी हं, भाऊ!" म्हणायचे. ते सॉरी गोलकीपरसाठी नसे, पंचासाठी असे.

"साहेब, हा पायावर पाय देतोय," गोलकीपर पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाला.

"खेळा, खेळा."

"साहेब, बघा तरी!"

"मी बघतोय."

"बघताय, मग दिसत कसं नाही?"

कडेचे लोक हसले. माझे कान तापले. पडदा अदबीने पुढे आला. "साहेब, मी तर माफीसुद्धा मागितली. ऐकलीत ना तुम्ही?"

ऐकली होती. माफी ऐकू येते. बुटाचे दडपण ऐकू येत नाही. मी दोघांनाही 'खेळा' म्हणालो आणि आपण समतोल राखला असे स्वतःला सांगितले.

उत्तरार्धात एकेक गोलची बरोबरी होती. पाचसात मिनिटे उरली असतील. पडदा पुन्हा चिकटला आणि गोलकीपरने त्याला कोपराने मागे ढकलले. हे मला स्वच्छ दिसले. कोपर, छाती, मागे पडणारा माणूस. शंकेला जागाच नव्हती, म्हणून मी जोरात शिट्टी वाजवली आणि गोदीला शॉर्ट कॉर्नर दिला, गोलवर चढून यायची आयती संधी.

"साहेब, अहो साहेब," गोलकीपर म्हणाला, "मघापासून तो काय करतोय?"

"जागेवर जा. नाहीतर बाहेर काढीन."

असे मी आयुष्यात कुणाला म्हणालो नव्हतो. म्हणताना बरे वाटले, हेही लिहितो.

चेंडू आत आला, थांबवला गेला, पण मारणाऱ्याचा फटका नीट बसला नाही. चेंडू गवतातून घरंगळत डाव्या खांबाकडे निघाला. तोवर पडदा धावत येऊन जागेवर उभा राहिला होता. मी गोलरेषेच्या टोकाला होतो, तिथून गोलकीपरच्या पोटऱ्या दिसत. त्याच्या डाव्या पॅडच्या मागे जो चामडी पट्टा असतो त्यात पडद्याच्या स्टिकचा वळलेला भाग अडकला होता. गोलकीपरने पाय ओढला. पाय आला नाही. चेंडू इतका सावकाश गेला की एखाद्याने चालत जाऊन तो उचलला असता.

शिट्टी माझ्या दातांत होती. मी श्वासही घेतला होता. आणि मला वाटले, खरेच दिसले का? की हा मघापासून तक्रार करतोय म्हणून दिसल्यासारखे वाटले? शिवाय आत्ताच आपण याच्याविरुद्ध निर्णय दिला. आता उलट दिला तर मघाचा कसा ठरेल? एवढा विचार करायला दोन क्षण लागले. दोन क्षणांत पडद्याने स्टिक काढली, हात वर केले आणि त्याचे साथीदार येऊन त्याच्यावर पडले. मी मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

"अरे, झोपलास काय!" कडेने कुणीतरी ओरडले. "पाय उचलायचे पैसे पडतात का रे?"

गोलकीपर ओरडला नाही. त्याने माझ्याकडे बघितले, मग खाली वाकला आणि डाव्या पॅडचा पट्टा बांधायला लागला. पट्टा सुटून लोंबत होता. खुर्चीवरच्या म्हाताऱ्याने मान हलवली नाही. सामना संपायच्या आत तो खुर्ची दुमडून निघून गेला.

चार दिवसांनी पत्र आले.

"एका ओळीचं तर उत्तर आहे," बायको म्हणाली. "हो किंवा नाही."

"तितकं सोपं नाही ते."

"म्हणजे दिसलं होतं."

"असं मी कुठं म्हणालो?"

"दिसलं नसतं तर आत्तापर्यंत पोस्टात टाकून आला असतात," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मी मसुदे केले. पहिला तीन पानांचा झाला. त्यात अडथळ्याचे नियम होते, पंचाच्या जागेविषयी होते, मानवी दृष्टीच्या मर्यादांविषयी एक परिच्छेद होता. वाक्ये बरी होती, फक्त त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. दुसरा मसुदा लहान होता, पण 'बहुधा' हा शब्द त्यात चार वेळा आला. मग पुढचा रविवार आला. मी प्रकृतीचे कारण सांगून पंचगिरी सोडली आणि पत्र एका जाड कोशाच्या पानांत ठेवले.

आठेक महिन्यांनी ग्रंथालयाचा पंप बंद पडला. वाचकांना प्यायला पाणी नाही म्हणून मी पाणीपुरवठ्याकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी अवजारांची पिशवी घेऊन जो माणूस दारात उभा राहिला, तो तोच होता.

"पंप कुठंय, साहेब?"

मी त्याला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेलो. त्याने पंप चालू केला, कान लावला, बंद केला.

"पाणी धरत नाही. खाली टाकीतल्या व्हॉल्व्हमध्ये काहीतरी अडकलंय. बॅटरी धराल जरा?"

मी बॅटरी धरली. त्याने पाइप सोडवून वर ओढला. व्हॉल्व्हच्या झडपेत चिंधीचा तुकडा होता. बोटभर.

"एवढ्यानं?" मी म्हणालो.

"एवढ्यानंच. झडप टेकत नाही मग. वरून बघणाऱ्याला वाटतं, पंपच नादुरुस्त आहे."

मी बॅटरीचा झोत त्या चिंधीवर धरून ठेवला. तोही वर बघत नव्हता. पाइप जोडून झाल्यावर तो म्हणाला, "वडील गेले. गेल्या महिन्यात."

"अरेरे," मी म्हणालो. "काय झालं होतं?"

"छातीचंच. जुनं होतं."

तो नट आवळत राहिला. मला कळत होते की तो नट आवळायला लावतोय तेवढा वेळ लागत नाही. तो मला वेळ देत होता. मी बॅटरी दोन्ही हातांनी धरून उभा होतो. एक वाक्य बोलायचे होते आणि ते माझ्या तोंडात आलेही होते, पण तेवढ्यात त्याने बटण दाबले आणि पंपाचा आवाज सुरू झाला. त्या आवाजाचे मी आभार मानले.

जाताना त्याने कामाची चिठ्ठी पुढे केली. 'काम समक्ष पाहिले' असे छापलेले होते, त्याखाली सही. मी केली.

तो सहीकडे बघत राहिला. "ही लगेच केलीत, साहेब," म्हणाला. आवाजात राग नव्हता. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि गेला.

त्यानंतर मी त्याला पाहिले नाही. आयुष्य गेले. निवृत्त झालो, मुलगी लग्न होऊन गेली, जाड कोश रद्दीत गेला. पत्र मात्र दुसऱ्या पुस्तकात, मग तिसऱ्यात जात राहिले.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. डोळ्यांत औषध घातले होते, समोरचे सगळे पाण्याखाली असल्यासारखे. शेजारच्या बाकावरून आवाज आला.

"पंच ना तुम्ही? अहो, मी! पडदा!"

"कसे आहात?" मी म्हणालो.

"तुम्हाला मी दिसतो का आत्ता?"

"नीटसा नाही."

"मलाही तुम्ही ढगासारखे दिसताय. पण उभं राहायची ढब ओळखली. पोस्टाच्या पेटीसारखे उभे राहायचात तुम्ही." तो मनमोकळा हसला. मग एकदम म्हणाला, "त्या फायनलला काय नशीब आमचं, नाही का?"

"नशीब?"

"तर काय! अहो, पट्ट्यात स्टिक घातली होती मी. आमचे कोच घरी खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून सराव करायला लावायचे. माझी बायको म्हणायची, खुर्च्या मोडाल आमच्या." त्याने डोळ्यातून ओघळलेले औषध रुमालाने टिपले. "मला खेळता येत नव्हतं हो. उभं राहता यायचं, त्यावर संघात राहिलो, आणि संघात होतो म्हणून गोदीतही राहिलो."

"मला तेव्हा," मी म्हणालो, "नीट खात्री नव्हती."

"काहीतरीच! तुम्हाला दिसलं होतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अहो, मी तुमच्याकडेच बघत होतो. माझं कामच ते, गोलकीपरला झाकायचं आणि पंचाकडे बघायचं. तुमची नजर पट्ट्यावर होती. शिट्टी तोंडात. गाल फुगले होते. म्हटलं, मेलो आता! आणि तुम्ही वाजवलीच नाही." त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मग मी स्टिक काढली. तुम्ही बघत असेपर्यंत मी ती काढलीसुद्धा नव्हती, पंच."

आतून त्याला बोलावले. तो भिंतीला हात लावत गेला.

घरी आल्यावर मी बायकोला सगळे सांगितले.

"मग आता लिहा," ती म्हणाली.

"आता खात्री झाली म्हणून?"

"अहो, खात्री तुम्हाला तेव्हाच होती. आता साक्षीदार मिळाला." ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही. "पत्ता तरी आहे का?"

नव्हता. म्हणून मी पंपघरात गेलो. जुनी इमारत तशीच होती, पंप नवे. कार्यालयात पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी त्याचे नाव सांगितल्यावर त्यांनी कपाटातून निवृत्तांची वही काढली.

"तुम्ही त्यांचे कोण, काका?"

"ओळखीचा."

"भला माणूस. तीस वर्षं काढली इथं, एक दिवस चढ्या आवाजात बोलले नाहीत." त्या पानावर बोट फिरवत होत्या. तेवढ्यात बाहेर एक कामगार हात बांधून उभा होता, त्याच्याकडे बघून त्या खिडकीतून ओरडल्या, "अरे ए, गोलकीपर झालास का? पाइप धर तिकडचा!"

मी दचकलो. "हे काय म्हणालात?"

"काय? अच्छा, ते! आमच्याकडे म्हणतात तसं. कुणी नुसता बघत उभा राहिला, की गोलकीपर झालास का."

"कशावरून?"

"कुणास ठाऊक. मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकतेय. फार जुनं असणार." त्यांना पत्ता सापडला. तो लिहून देताना त्या म्हणाल्या, "तेही म्हणायचे की. एखादा नवा माणूस उभा राहिला तर स्वतःच म्हणायचे, हसून."

त्यांना माहीत नव्हते. मी सांगावे का, असा विचार करत उभा राहिलो. मग म्हणालो, "बाई, ते स्वतः गोलकीपर होते. चांगले होते. एका मॅचमध्ये त्यांचा पाय धरला होता. ते नुसते उभे नव्हते."

त्यांचे पेन थांबले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो आणि ते ज्याला हवे होते त्याच्यासमोर नाही, एका परक्या बाईसमोर.

संध्याकाळी लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिले : 'परवा अमुक गृहस्थ भेटले, त्यांनी सांगितले की त्या दिवशी तुमचा पाय अडकवला होता.' वाचून पाहिले. हे सभ्य होते आणि खरेही होते. पण त्याने मला पडद्याची कबुली विचारली नव्हती. आपला पाय धरला होता हे त्याला माझ्याआधी ठाऊक होते. त्याने विचारले होते, तुम्हाला दिसलं की नाही. कागद फाडला. शेवटी हे लिहिले :

'तुमच्या पत्राला उत्तर. मला दिसले होते. तुमच्या डाव्या पॅडच्या पट्ट्यात स्टिक होती. त्याच क्षणी दिसले आणि मी शिट्टी वाजवली नाही. तो गोल नव्हता. त्याआधीही तुम्ही तीनदा सांगितले, तेव्हा मी बघितले नाही आणि शेवटी तुम्हालाच दोष दिला. तुमच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की पंच भित्रा होता. हे त्यांना वाचून दाखवण्याच्या वेळेत लिहायला हवे होते. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवू शकता.'

सही केली. क्षमा मागावी का, यावर बराच वेळ गेला. मागितली असती तर त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागले असते. तेवढे तरी ओझे त्याच्यावर नको म्हणून मागितली नाही. मात्र पाकिटाच्या मागे माझा पूर्ण पत्ता लिहिला, खोली क्रमांकासह. त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या तर त्या कुठे पाठवायच्या हे त्याला कळायला हवे.

"मी येऊ का सोबत?" बायकोने विचारले.

"नको. कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय."

सकाळी पत्र पेटीत टाकले. टाकल्याबरोबर वाटले, 'भित्रा' हा शब्द बरोबर आहे का? पत्ता तरी बरोबर लिहिला का? दहाची वेळ पेटीवर लिहिलेली होती, सव्वानऊ झाले होते. मी तिथून हललो नाही. माघारी गेलो असतो तर परत आलो असतो, आणि पेटी उघडणाऱ्याला काहीतरी सांगून ते पाकीट मागितले असते. मी मला ओळखतो. म्हणून हात कोटाच्या खिशात घालून उभा राहिलो. येणारेजाणारे बघत होते.

दहाला सायकलवरून माणूस आला. त्याने पेटी उघडली, पत्रे पोत्यात ओतली. माझे पाकीट मला दिसले, उलटे पडलेले, माझ्या पत्त्याची बाजू वर. त्यावर आणखी पत्रे पडली.

"काही राहिलंय का, काका?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "गेलं त्यात."

त्याने पोत्याचे तोंड बांधले आणि मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो.